ताटलीतला ‘मेंदू’: उत्तर द्यावंच लागतंय

अनुया: ‘प्रयोगशाळेत मेंदू वाढवणं हा राक्षसी खेळ, बंद करा’ ही कालची पोस्ट वाचून झोप उडाली. अहो, तो मेंदू नव्हे! 2013 साली व्हिएन्नात लँकेस्टर आणि नोब्लिख या शास्त्रज्ञांनी माणसाच्या पेशींपासून वाढवलेले मेंदूच्या ऊतींचे गोळे 4 मिलिमीटरचे, मसुराच्या दाण्याएवढे. रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे आतला गाभा मरतो. पण जन्मतः डोकं लहान असलेल्या रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून केलेला गोळाही लहानच राहिला आणि कारण दिसलं: मूलपेशी (ज्यांपासून इतर पेशी बनतात त्या) वेळेआधीच चेतापेशी, म्हणजे मेंदूच्या पेशी, बनून संपत होत्या. उंदरात हा आजार इतका तीव्र उतरतच नाही. मग बघायचं कुठे?

धोंडोपंत: पोस्ट माझीच. मसुराचा दाणा काय! 2022 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी असा गोळा उंदराच्या मेंदूत बसवला. उंदराच्या मिशा हलवल्या की माणसाच्या पेशी प्रतिसाद देतात. हे बरं गाळलंत. आणि इतक्या वर्षांत औषध कुठलं आलं?

अनुया: अशाच उंदरांत 2024 साली टिमोथी सिंड्रोम या मुलांमधल्या दुर्मिळ जनुकीय आजारावरच्या औषधाने बिघडलेल्या चेतापेशी सुधारल्या. रुग्णांपर्यंत अजून पोचायचंय, मान्य. त्या पोरांच्या आईबापांना ‘बंद करा’ तुम्ही सांगाल?

सुलभा_नाशिक: मला त्या त्वचेबद्दल बोलायचंय. आमच्या ह्यांना पार्किन्सन आहे. एका इस्पितळात दंडाचा तुकडा घेतला, ‘संशोधनासाठी’. फॉर्म चार पानी, इंग्रजी. हात इतका थरथरत होता की पेनाने कागद फाटला. ‘इथे करा, काका’ एवढंच सांगितलं. पुढे त्या पेशींचं काय केलं, आजतागायत कळलं नाही.

धोंडोपंत: मी हेच ओरडतोय!

रेणुका: नाही, तुम्ही बंदी मागताय. रुग्णाला कळेल अशा भाषेत संमती घ्या, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. मी असे मराठी फॉर्म लिहिते. ‘प्रेरित बहुशक्तिक मूलपेशी’ वाचून कुणाला काय कळणार? मी लिहिते, ‘तुमच्या कातडीच्या पेशी पुन्हा कोऱ्या करून’.

धोंडोपंत: आणि त्यातून मेंदूसारखा गोळा वाढवणार, हे लिहिता? नसाल तर तुमची मराठीही फसवणूकच.

रेणुका: आवाज खाली. पण हो, ते वाक्य नाहीये. घालते.

धोंडोपंत: घाला. मग ‘बंद करा’ मागे घेतो. उंदरांचं मात्र नाही घेणार.

सुलभा_नाशिक: ह्यांना नीट विचारलं असतं तर दुसरा दंडही पुढे केला असता हो.

रेणुका: ताई, तिथल्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे, अर्ज करा, मसुदा मी देते. फॉर्मची प्रत आहे ना तुमच्याकडे?

सुलभा_नाशिक: प्रत दिलीच नव्हती.