ह्यांच्या स्मरणार्थ शाळेला देणगी: आत्ता द्यावी की मृत्युपत्रात लिहावी?

विजया_सातारा:
नमस्कार मंडळी. मी पोस्टातून निवृत्त झाले, वय ६८. आमचे हे तालुक्याच्या हायस्कुलात ३१ वर्षं गणित शिकवत होते. गेल्या भाद्रपदात गेले. वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्या नावाने शाळेत काहीतरी करावं असं मनात आहे. मुलगी नाशिकला, मुलगा न्यू जर्सीत. दोघांचीही हरकत नाही.

शाळेत विचारलं तर क्लार्कने छापील कागद हातात ठेवला. पंचवीस हजारांची ठेव द्या, व्याजातून दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस, नाव फलकावर. सोपं आहे. पण घरी येऊन मी हिशेब केला. माझ्या सासऱ्यांच्या नावाने ह्याच शाळेत १९८८ साली ५,००१ रुपये ठेवले होते. तेव्हा दहा टक्क्यांनी वर्षाला पाचशे यायचे. मुलाला शब्दकोश, कंपासपेटी आणि वर थोडे रोख मिळायचे. आज साडेसहा टक्के धरले तर होतात ३२५. आणखी तीस वर्षांनी आमच्या ह्यांच्या बक्षिसाचं काय होणार ते ह्यांनीच फळ्यावर मांडून दाखवलं असतं.

दुसरं म्हणजे, तेव्हाच दिलेलं एक लोखंडी कपाट अजून शाळेच्या वाचनालयात उभं आहे. दारावर पांढऱ्या रंगात सासऱ्यांचं नाव आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. त्यातला ‘स्म’ उडालाय, नुसतं ‘रणार्थ’ राहिलंय. उघडून बघू म्हटलं तर किल्ली सापडेना. शिपाई म्हणाला, ‘बाई, मी लागल्यापासून कधी उघडलेलं बघितलं नाही.’ वर खडूचे खोके आणि गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे मुकुट रचलेले.

म्हणून विचारते. आत्ता थोडं द्यावं, की माझ्या मृत्युपत्रात मोठी रक्कम लिहावी? ह्यांच्या नावावर १२ लाखांच्या ठेवी आहेत, नॉमिनी मी. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. गावाकडे ह्यांची १८ गुंठे जमीन आहे, ती शाळेला मैदानासाठी देता आली तर फार बरं. मुलगाही म्हणतो, मी डॉलर पाठवतो.

काळाकोट:
विजयाताई, आधी एक सांगा. सरांचं मृत्युपत्र होतं का? आणि सरांच्या आई आहेत का?

विजया_सातारा:
नाही हो. ‘माझं काय आहे, सगळं तुझंच’ म्हणायचे. सासूबाई २००९ साली गेल्या.

काळाकोट:
सगळ्या नवऱ्यांचं हेच वाक्य असतं आणि त्यावर आमचं घर चालतं. रागावू नका.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने (१९५६) पत्नी, मुलगा, मुलगी तिघांचा सारखा वाटा. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे तो माणूस, मालक नव्हे. म्हणजे त्या १२ लाखांतले तुमचे चारच. मुलांची हरकत नाही म्हणता, तर त्यांच्याकडून तसं लेखी घेऊन ठेवा. आज हरकत नसते, दहा वर्षांनी सुनेला किंवा जावयाला असू शकते. फ्लॅट आणि पेन्शनमधून साठवलेलं मात्र तुमचं स्वतःचं, त्याचं हवं ते लिहा.

जमिनीचा नाद सोडा. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जात नाही, आणि शिक्षण संस्था काही शेतकरी नव्हे. मृत्युपत्राने दिली तर चालतं असं बरेच जण समजायचे. पण गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तीही वाट बंद केली. तो कायदा मूळचा मुंबई राज्याचा, आपल्याकडे चालतो तोच. शिवाय जमिनीतही मुलांचे वाटे आहेतच.

आता मृत्युपत्राबद्दल. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, म्हणजे मुलगी नको आणि मुख्याध्यापकही नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून घ्या. नंतर बदलायचं झालं तर नवं करा, शेवटचं धरलं जातं.

सगळ्यात मोठी चूक होते ती नावात. लोक लिहितात, ‘आमच्या हायस्कूलला पाच लाख द्यावेत.’ हायस्कूल ही बहुतेकदा स्वतंत्र संस्था नसते. तिच्यामागे शिक्षण संस्था असते आणि तिच्या वीस-पंचवीस शाखा असतात. पैसे मुख्य कार्यालयात जातात आणि कुठल्यातरी भलत्याच गावी वर्गखोली उभी राहते. तेव्हा संस्थेचं नोंदणीचं पूर्ण नाव, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, ‘अमुक शाखेतील अमुक कामासाठी’, आणि ते काम किंवा ती शाखा तेव्हा नसेल तर पैसे कोणाला, हे सगळं लिहा. रकमेऐवजी टक्के लिहिलेले बरे. शेवटच्या आजारपणात किती जाईल कोण जाणे. अंमल करणारा व्यवस्थापक नेमा, जमल्यास तुमच्याहून वयाने लहान. माझ्या एका अशिलाने नेमलेला व्यवस्थापक ८१ वर्षांचा होता, तो आधी गेला.

मांडवीकाठ:
विषयाला सोडून आहे, पण गोव्यातलं कुणी वाचत असेल तर वरचं सगळं तुम्हाला लागू नाही हां. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची रीत, आता २०१२ चा कायदा आहे. मुलंबाळं असतील तर आपल्या वाट्यातलं अर्धंच मनासारखं देता येतं, उरलेलं अर्धं त्यांचं राखीव. माझ्या मामेसासऱ्यांना अख्खं घर शाळेला द्यायचं होतं. लग्नामुळे अर्धं मामीचं. राहिलेल्या अर्ध्यातलं अर्धं मुलांचं. शाळेला निघालं पाव घर. पाव घरात बालवाडीसुद्धा बसत नाही.

लेजरबुक:
मी एका ट्रस्टचा बावीस वर्षं खजिनदार आहे. ताई, तुमचं ५,००१ चं गणित वाचून हसलो आणि मग जरा ओशाळलो. आमच्याकडे असे ४६ निधी आहेत. सगळ्यात लहान २५१ रुपयांचा.

माझं मत थोडं वेगळं आहे, वकीलसाहेबांनी माफ करावं. मृत्युपत्राची वाट बघू नका. वीस वर्षांनी शाळेत सरांना ओळखणारा एकही शिक्षक नसेल. आत्ता त्यांचे विद्यार्थीच तिथे शिकवत असतील. समजा दोन लाख द्यायचे आहेत. ते ‘कायम ठेव’ म्हणून न देता दहा वर्षांत संपवायचे म्हणून द्या. वर्षाला वीस हजार आणि शिल्लक रकमेचं व्याज. एवढ्यात दहावीत गणितात अडलेल्या मुलांसाठी सुट्टीतला वर्ग चालतो, शिकवणाऱ्याला मानधनही देता येतं. पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यायला गाव आहेच. सर जास्त वेळ कोणापाशी बसायचे, पहिल्यापाशी की ३५ वाल्यापाशी?

कायमच हवं असेल तर दोन गोष्टी करा. पत्रात ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती चालू खर्चात धरली जाते. आणि सगळं व्याज वाटू देऊ नका. लाखाला सात हजार आले तर पाच वाटायचे, दोन मुद्दलात घालायचे. असं कोणी लिहून देत नाही, म्हणून पाचशेचे ३२५ होतात.

नावाचं म्हणाल तर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली आईच्या नावासाठी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले. आपण सगळे एसएनडीटी म्हणतो. त्यातल्या एन म्हणजे नाथीबाई, हे तिथे शिकलेल्या माझ्या बायकोला मी सांगितलं.

मुलाच्या डॉलरचं: त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असूनही तो पैसा परदेशी देणगी ठरतो. त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीची, नोंदणी लागते आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. तालुक्याच्या संस्थेकडे हे क्वचित असतं. आणि चेकने द्या. दोन हजारांवर रोख दिलं तर देणगीवरची करसवलत (लोक ८०जी म्हणतात ती) मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर तसंही मिळत नाही.

विजया_सातारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेजरबुक दादा, ३५ वाल्यापाशी. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर पाच-सहा पोरं असायची, मी पोह्यांचं पातेलं मोठं घ्यायचे. त्यातलाच एकजण आता त्याच शाळेत गणिताला आहे, त्याच्याशी बोलले. मे महिन्यात वर्ग घ्यायला तयार आहे, मानधन नको म्हणतो. मी म्हटलं, घ्यायचं. नाहीतर दोन वर्षांत बंद पडेल.

मुलाचं नागरिकत्व गेल्याच वर्षी झालं, तेव्हा त्याचे डॉलर राहिले. मुलांकडून लेखी घेतेय. जमिनीचं मनातून काढलं, थोडं जड गेलं. मृत्युपत्रात फ्लॅटचे दहा टक्के लिहायचे ठरवलंय, संस्थेचा नोंदणी क्रमांक मिळाला की.

आणि काल कुलूपवाला नेऊन ते कपाट उघडलं. दीडशे रुपये घेतले त्याने. आत लॉग टेबलांचा गठ्ठा होता, वाळवी लागलेली नाही, कडा तेवढ्या पिवळ्या. खालच्या खणात पारितोषिकाचं रजिस्टर, बरीच वर्षं ह्यांच्याच अक्षरात भरलेलं. शेवटची नोंद २०१२ ची. हे त्याच वर्षी रिटायर झाले. त्यानंतर बक्षीस कोणाला दिलं, दिलं का, ऑफिसात कोणालाच सांगता येईना. ठेवीची पावती कुठल्या बँकेची तेही माहीत नाही. लेजरबुक दादा, १९८८ ची पावती शोधायची तर सुरुवात कुठून करू?

लेजरबुक:
संस्थेच्या ऑडिट रिपोर्टापासून. ताळेबंदात डाव्या बाजूला ‘पारितोषिक निधी’ असं काहीतरी असेल, त्याची यादी मागा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०१२-१३ पासूनचे सगळे मागा.