रोमन लोक दाढी कशी करायचे? (सोसायटी ग्रुप, इतिहास कट्टा)

ए-203: रोमचा पहिला सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचे गाल गुळगुळीत, नंतरच्या सम्राट हेड्रियनला भरगच्च दाढी. मध्ये शंभरेक वर्षांचंच अंतर आहे. एवढा बदल कशामुळे झाला?

सी-501 ताई: आधी गुळगुळीत गालांचं बघू. वारो हा रोमन लेखक लिहितो की इटलीत न्हावी आले ते सिसिलीतून, इ.स.पू. 300 च्या सुमारास. त्याआधी न्हावी नव्हते, याचा पुरावा म्हणजे जुन्या पुतळ्यांचे लांब केस आणि दाढ्या. रोज दाढी करणारा पहिला रोमन म्हणून प्लिनी हा रोमन लेखक धाकट्या स्किपिओ आफ्रिकानस या सेनापतीचं नाव देतो, म्हणजे इ.स.पू. दुसरं शतक. तिथून पुढे सभ्य माणूस म्हणजे बिनदाढीचा, हे ठरूनच गेलं.

बी-304 काका: आणि ते सोपं नव्हतं. वस्तरा लोखंडी, त्याची धार पटकन जायची. गालाला नुसतं पाणी लावायचे, साबणाचा फेस नव्हता. त्यामुळे सगळी मदार धारेवर. प्लिनीने धार लावायच्या दगडांचे प्रकार दिलेत: काहींना तेल लागतं, काहींना पाणी. स्पेनमधल्या लामिनियमचा दगड मात्र थुंकी लावून वापरायचा, आणि तो न्हाव्यांच्या दुकानात चालायचा.

ए-203: मग कापायचं किती!

बी-304 काका: कापायचंच. रक्त थांबवायला जखमेवर कोळ्याचं जाळं लावायचे, हेही प्लिनीनेच दिलंय. म्हणून चांगला न्हावी सावकाश हात चालवायचा. मार्शल हा रोमन कवी एका न्हाव्याची टर उडवतो: हा गालावरून वस्तरा फिरवून होईपर्यंत दुसरी दाढी उगवते. काही जण वस्तऱ्याऐवजी चिमट्याने केस उपटून घेत. सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियस म्हणतो, सीझर दाढी करवून घ्यायचाच, वर केसही उपटून घ्यायचा.

सी-501 ताई: काका, कायद्यातलं ते प्रकरण सांगायलाच हवं. डायजेस्ट म्हणजे रोमन कायदेपंडितांच्या मतांचा संग्रह, त्यात ते आहे. काही जण चेंडू खेळत होते. चेंडू जोरात न्हाव्याच्या हातावर बसला आणि ज्या गुलामाची दाढी चालली होती त्याचा गळा वस्तऱ्याने कापला गेला. भरपाई कोणी द्यायची? प्रोकुलस हा कायदेपंडित म्हणतो, दोष न्हाव्याचा. जिथे लोक नेहमी खेळतात किंवा वर्दळ असते, तिथे दाढी करत बसायचंच कशाला? त्यावर दुसरं मतही नोंदवलंय: धोक्याच्या जागी खुर्ची मांडणाऱ्या न्हाव्याच्या हाती ज्याने स्वतःला सोपवलं, त्याने स्वतःलाच दोष द्यावा. न्हावी रस्त्याकडेला उघड्यावर बसत, हे यावरून किती स्पष्ट दिसतं! माझ्या मते रोमन न्हाव्याबद्दलचा हा सगळ्यात बोलका पुरावा.

डी-102: दर काय असायचा?

बी-304 काका: सम्राट डायोक्लेशनच्या इ.स. 301 च्या दरपत्रकात न्हाव्याला माणशी 2 दिनारी (रोमन नाणी). त्याच दरपत्रकात शेतमजुराला दिवसाला 25 दिनारी आणि वर जेवण. म्हणजे मजुराला अधूनमधून परवडण्यासारखं होतं. श्रीमंतांच्या घरी न्हावी गुलामच असे. ऑगस्टस तर एकाच वेळी अनेक न्हावी कामाला लावायचा आणि तेवढ्या वेळात काहीतरी वाचायचा नाहीतर लिहायचा.

सी-501 ताई: पहिली दाढी हा तर सोहळाच. ऑक्टेव्हियनने म्हणजे पुढच्या ऑगस्टसने इ.स.पू. 39 मध्ये पहिल्यांदा दाढी काढली, तेव्हा मोठी मेजवानी दिली. सम्राट नीरोने आपले ते केस मोती जडवलेल्या सोन्याच्या डबीत घालून रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटर देवाला वाहिले.

ए-203: आणि हेड्रियन?

सी-501 ताई: त्याच्या चरित्रात कारण दिलंय की चेहऱ्यावरचे जन्मजात डाग झाकायला दाढी ठेवली. मला ते अपुरं वाटतं. त्याला ग्रीक विद्येचं वेड होतं आणि ग्रीक तत्त्ववेत्त्याची ओळखच दाढी. कारण काहीही असो, त्याच्या मागून आलेले सम्राट अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस दोघांनीही दाढी ठेवली. गुळगुळीत गालांची फॅशन परत आली ती चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या वेळी.

डी-102: म्हणजे म्युझियममध्ये दाढी दिसली की इ.स. 117 नंतरचा, म्हणजे हेड्रियन सम्राट झाल्यानंतरचा पुतळा समजायचा?

बी-304 काका: नुसत्या दाढीवर जाऊ नका. शोकात दाढी वाढवायची रीत होती. सीझरच्या खुनानंतरच्या नाण्यांवर ऑक्टेव्हियन आणि सीझरचा सेनापती मार्क अँटनी दोघांनाही दाढी आहे. संगमरवरी पुतळा असेल तर डोळे बघा. बुबुळ कोरून दाखवायची पद्धत साधारण इ.स. 130 पासून रुळली. दाढी आणि कोरलेली बुबुळं दोन्ही असतील तर पुतळा बहुधा हेड्रियनच्या काळातला किंवा नंतरचा. मात्र बुबुळं नंतरही कोरलेली असू शकतात, म्हणून केशरचनाही ताडून बघा.