डोळे उघडे राहिले म्हणजे त्याला त्रास झाला असं नाही

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कुत्र्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिल्यानंतर त्याचे डोळे उघडेच राहिले आणि तेच सारखं समोर येतं, ते वाचून राहवलं नाही. अहो, कुत्रा गेल्यावर डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात, तो जागा होता किंवा दुखत होतं असा त्याचा अर्थ अजिबात नाही. ते औषध म्हणजे भुलीच्या औषधाचाच मोठा डोस, आधी शुद्ध जाते आणि मग श्वास आणि हृदय थांबतं, तुम्ही त्याला कुशीत धरून होतात ना, मग शेवटचं त्याला तेच कळलं असणार.

आणि तुमची धाकटी कुत्री नीट जेवत नाही, दाराशी बसून राहते म्हणालात तो तुमचा भास नाही. २०२२ मध्ये इटलीतल्या कुत्रे पाळणाऱ्या ४२६ जणांचा सर्व्हे छापून आला होता, सोबतचा कुत्रा गेल्यावर उरलेल्या कुत्र्याचं वागणं बिघडल्याचं त्यातल्या ८६ टक्के लोकांनी सांगितलं, खेळणं कमी, झोप जास्त, खाणं कमी. तिच्या जेवणाच्या फिरण्याच्या वेळा बदलू नका, पण एक दिवसाच्या वर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला दाखवाच. आणि लगेच नवीन पिल्लू आणा म्हणणाऱ्यांचं एवढ्यात नका ऐकू प्लीज, मला अजून ते वाक्य टोचतं.