मदत हवी आहे: वायसर बदलूनही बाथरूमचा नळ ठिबकतोय (नेरूळ)

नेरूळच्या जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये राहतो. बाथरूममधला बादलीवरचा नळ घट्ट बंद केला तरी तोंडातून ठिबकत राहतो. अर्धा इंची, पितळी, बरेच फेरे फिरवून बंद होणारा जुना प्रकार. मुठीपाशी आणि भिंतीकडे कोरडा आहे.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) काढला, नवा रबरी वायसर टाकला. थोडे दिवस बरं चाललं, मग परत तेच. पुन्हा उघडलं तर नव्या वायसरवर एकाच बाजूला खोल चीर पडलेली! टॉर्च मारून पाहिलं, वायसर ज्या गोल कडेवर बसतो तिथे बोटाला खाच लागते. म्हणजे दोष त्या कडेतच, म्हणजे सीटमध्येच असावा. जोरात आवळलं की रबर आणखी कापतं, म्हणून घरात सगळ्यांना हलक्या हाताने बंद करायला सांगितलंय.

अडचण अशी की नळ भिंतीतल्या जीआय एल्बोत (लोखंडी पाइपच्या वाकड्या जोडात) गच्च बसलाय. टाइल्समागे लाइन तुटली तर खालच्यांच्या छतात पाणी उतरेल.

सीट घासून सपाट केली तर टिकते का, आणि सीट घासायचं कटर नवी मुंबईत कुठे मिळेल? की नळच बदलावा? बदलायचा तर एल्बो न हलवता तो सोडवायचा कसा?