रेंडरिंग : ‘प्रस्तुतीकरण’ की ‘चितारणे’?

विचारणा

लिनक्सवरच्या एका प्रोग्रामची मदत-पानं मराठीत करते आहे. जीटीके हा प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायचा साधनसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या ४.१६ आवृत्तीपासून वेलँडवर (लिनक्सची खिडक्या पडद्यावर दाखवायची व्यवस्था) वल्कन रेंडरर ही आपोआप होणारी निवड झाली, त्याबद्दलची सूचना लिहायची आहे. वल्कन म्हणजे ग्राफिक्स कार्डकडून काम करून घ्यायची एक पद्धत, आणि रेंडरर म्हणजे चित्र तयार करणारा भाग. आधीच्या अनुवादात ‘रेंडरिंग’साठी ‘प्रस्तुतीकरण’ आहे. ‘नवे प्रस्तुतीकरण वेगवान आहे’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला एखादं भाषण आठवेल. दुसरा शब्द सुचवाल का? शिवाय तक्रारींत सगळे नुसतं ‘लॅग होतंय’ लिहितात, त्याचंही काही करता येईल का?

प्रतिसाद

ताई, ‘प्रस्तुतीकरण’ इथे नकोच. ते बोजड आहे, पण खरी अडचण अशी की ते चुकीच्या पायरीला चिकटलंय. वल्कनमध्ये दोन कामं वेगळी आहेत. आधी ग्राफिक्स कार्ड मेमरीत चित्र तयार करतं. ते अजून कुणाला दिसत नसतं. मग तयार चित्र पडद्याकडे सोपवलं जातं, आणि या दुसऱ्या कामाचं वल्कनमधलं नावच ‘प्रेझेंट’ आहे. पहिल्याला प्रस्तुतीकरण म्हटलं तर दुसऱ्याला काय म्हणणार?

हा फरक नुसता कोशातला नाही. पडदा वरून खाली रंगत असताना मधेच नवं चित्र आलं की वरचा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो. तो दोष सोपवण्याच्या पायरीचा. चित्र अगदी बिनचूक तयार झालेलं असतं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर माणूस रेंडरर बदलत बसेल आणि दोष तिथेच राहील.

प्रतिसाद

मी ‘उमटवणे’ सुचवणार होतो. पण पाऊल उमटतं, ठसा उमटतो, तेव्हा तो दिसतोच. म्हणजे तो शब्द दुसऱ्या पायरीला शोभेल. पहिल्यासाठी ‘चितारणे’ घ्या. सावंतवाडीला लाकडावर रंगकाम करणाऱ्यांना आजही चितारी म्हणतात. रेंडररला ‘चितारी’ म्हणायला मला तरी आवडेल.

प्रतिसाद

लॅगबद्दल. आपल्याकडे क्रियापदं तयार आहेत, फक्त ती वेगवेगळी वापरायला हवीत. सगळंच सतत हळू चालत असेल तर ‘रेंगाळतंय’. चित्र आडवं दुभंगत असेल तर ‘फाटतंय’. एरवी सुरळीत आणि मधेच क्षणभर थांबत असेल तर ‘अडखळतंय’.

तिसऱ्याकडे जास्त लक्ष द्या, कारण सरासरीत ते लपतं. सेकंदाला ६० फ्रेम (एकेक चित्र म्हणजे एक फ्रेम) म्हणजे एकीला साधारण १६.७ मिलिसेकंद. एकाच फ्रेमला १०० लागले तरी त्या सेकंदात ५५ फ्रेम होतात. आकडा चांगला दिसतो, डोळ्याला मात्र धक्का बसतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे एखादी वस्तू पहिल्यांदा समोर आली की तिचा शेडर (ती कशी रंगवायची हे ग्राफिक्स कार्डला सांगणारा छोटा प्रोग्राम) त्याच क्षणी कंपाइल होणं, म्हणजे कार्डाला कळेल अशा रूपात आणला जाणं. गोडो या गेम बनवायच्या साधनाच्या ४.४ आवृत्तीत यावर उपाय आला. एक मोठा सर्वसाधारण शेडर आधीच तयार ठेवतात, तो वेळ निभावून नेतो, आणि नेमका शेडर मागे तयार होत राहतो. लिनक्सवर स्टीम (गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) गेम सुरू होण्याआधी वल्कन शेडरवर काम करत बसतं तेही याचसाठी. लोक कंटाळून ते वगळतात आणि मग गेम अडखळतो.

‘लॅग’ हा शब्द बटण दाबल्यावर उशिरा हलण्यासाठी राखून ठेवा. त्याला ‘मागे पडतंय’ चालेल.

विचारणा करणारी

मनापासून आभार. दोन पायऱ्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आता असं लिहिलंय : ‘या आवृत्तीत खिडक्या चितारण्याचं काम वल्कन रेंडरर करतो. काही अडचण आल्यास खिडकी रेंगाळते, अडखळते की फाटते, ते तक्रारीत लिहा.’ क्रियापद मराठी घेतलं, ‘रेंडरर’ नाव तसंच ठेवलं. उपाय शोधताना लोकांना तेच लागतं. ‘चितारी’ कंसात द्यावा असं मनात आहे. ‘शेडर’लाही हात लावत नाही.