जर्मनीत भाड्याचे घर घेताना काय पाहावे?

प्रश्न
नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही दोघे दोन महिन्यांनी श्टुटगार्टला राहायला जाणार आहोत. जाहिरातींत 'काल्टमीटे' आणि 'वार्ममीटे' असे भाड्याचे दोन आकडे दिसतात. एका घरमालकाने तर घर दाखवण्याआधीच तीन महिन्यांची अनामत मागितली आहे. ही तिथली रीतच आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
घर पाहून करार हाती पडेपर्यंत एक युरोही पाठवू नका. परदेशातून घर शोधणाऱ्यांना फसवणारे नेमके असेच पैसे मागतात. अनामत घेण्याची रीत खरी आहे, पण कायद्यानुसार ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे निव्वळ भाड्यापेक्षा, जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला असतो. वार्ममीटेत हीटिंग, पाणी, कचरा यांचा अंदाजे खर्च धरलेला असतो. वर्षाचा हिशेब झाला की फरक भरावा लागतो किंवा परत मिळतो. विजेचे बिल बहुधा वेगळेच असते.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत. स्वयंपाकघराबद्दल मात्र आधीच विचारून घ्या. आम्ही पाहिलेल्या पहिल्या घरात त्या खोलीत भिंतीतून डोकावणारी पाण्याची जोडणी आणि शेगडीसाठीची वायर एवढेच होते. ना ओटा, ना सिंक. तिथे अशी घरे सर्रास मिळतात, म्हणून जाहिरातीत 'आइनबाउक्युशे', म्हणजे ओटा-सिंकसह बसवलेले स्वयंपाकघर, हा शब्द शोधा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. पहिल्या नोंदणीनंतरच कर ओळख क्रमांक टपालाने घरी येतो, त्यामुळे "इथे नोंदणी करता येणार नाही" असे सांगणारे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ३
हिवाळ्यात खिडक्या दिवसभर किलकिल्या ठेवू नका. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे त्या सताड उघडा, नाहीतर काचेवर सकाळी दिसणारे थेंब पुढे कोपऱ्यात काळी बुरशी होऊन बसतात आणि घर सोडताना अनामतीवरून वाद होतो. ताबा घेताना प्रत्येक डागाची लेखी नोंद करून घ्या.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी घर दाखवा, असे आम्ही त्या घरमालकाला कळवले. त्यानंतर त्यांचे उत्तरच आले नाही. आता नोंदणीच्या पत्राबद्दल आधी विचारूनच पुढची घरे पाहत आहोत.