मदत हवी आहे: बाथटबच्या ट्रॅपमधून गळती, वॉशर बदलूनही थांबत नाही

नमस्कार मंडळी. बूच लावून टब भरून ठेवला तर खाली एक थेंब नाही. बूच काढलं की मात्र ट्रॅपच्या (टबाखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) वरच्या नटाखाली थेंब लोंबतो. पाणी वरून ओघळून तिथे येत असेल म्हणून सगळं पुसून प्रत्येक सांध्याला टिश्यू गुंडाळला. वेस्टच्या (टबाच्या तळाशी पाणी जायच्या तोंडाच्या) वॉशरपाशी कोरडा, नटापाशी चिंब. ओव्हरफ्लोमध्ये (जास्तीचं पाणी जायच्या वरच्या भोकात) मग्गाने पाणी ओतून पाहिलं, तिथे काही नाही.

प्लंबरने आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळून नट पान्याने करकचून आवळला. मला ते पटलं नाही. अशा सांध्यात पाणी अडवतो तो वॉशर, आटे नव्हेत. आणि प्लास्टिकचा नट जास्त आवळला की तडकतो. नवा निमुळता वॉशर टाकलाय, बारीक बाजू सांध्याकडे ठेवून. तरीही तेच.

आता संशय पाइपवर आहे. नट सोडला की पाइप ट्रॅपच्या तोंडापासून थोडा बाजूला सरकतो, म्हणजे तो ताणून बसवलाय. शिवाय टब ॲक्रिलिकचा, आत माणूस उभा राहिला की तळ किंचित दबतो.

पाइप नव्याने कापून सरळ रेषेत आणावा, की वाकणारा जोड चालेल? त्यात केस-साबण अडकतात असं ऐकलंय. टबाचे पाय घट्ट केले तर सांध्यावरचा ताण कमी होईल का? आणि वेस्टखाली सिलिकॉन नव्याने भरायचंच झालं, तर टब पाण्याने भरून, तळ दबलेला असताना भरावं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरूर सांगा.